त्वचेच्या कर्करोगावर द्रव नत्राचा गोठवण उपचार

ज्या गावी कृत्रिम रेतनाची सोय पोहोचली आहे, तेथील शेतकऱ्यांस द्रव नत्राचे पात्र अपरिचित नाही. दुहेरी भिंतीच्या त्या पात्राचे झाकण उचलताच पांढरा धूर वर येतो आणि लांब चिमट्याने वीर्याची कांडी बाहेर काढली जाते. (तो धूर वस्तुतः नत्राचा नव्हे, भोवतालच्या हवेतील दमटपणा थंडीने गोठून तसा दिसतो. नत्रवायूस रंगही नाही व वासही नाही.) पिकास युरियाच्या रूपाने आपण जे नत्र देतो, तेच हे मूलद्रव्य. आपल्या श्वासाच्या हवेत शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्र असते. हवा अतिशय थंड केली असता ती पातळ होते व तीतून द्रव नत्र वेगळे काढता येते. त्याचे उष्णतामान उणे १९६ अंश सेल्सिअस असते.

हाच द्रव मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात चामखिळी घालविण्यासाठी, आणि निवडक रुग्णांत त्वचेचा लहान कर्करोग नष्ट करण्यासाठी वापरला जातो. ह्या उपचारास क्रायोथेरपी वा शीतशस्त्रक्रिया म्हणतात. आपण त्यास गोठवण उपचार म्हणू. तो थोड्या वेळाचा आहे, त्यास मोठी भूल लागत नाही, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो. साहजिकच काही शेतकरी विचारतात की, द्रव नत्र आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही आहे, मग ह्या कामासाठी जिल्ह्याच्या गावी जावयाचे कशाला? प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर सविस्तर देणे अवश्य आहे.

एकच थंडी : एके ठिकाणी राखणारी, दुसरीकडे मारणारी

प्रथम एक कोडे पाहू. वळूचे वीर्य उणे १९६ अंशांत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि गाय गाभण राहते. त्याच थंडीने कर्करोगाच्या पेशी मात्र मरतात. असे का व्हावे?

सजीव पेशी म्हणजे पातळ आवरणाची, पाण्याने भरलेली सूक्ष्म पिशवीच होय. पाण्याचा बर्फ झाला की तो अधिक जागा व्यापतो व त्याचे टोकदार स्फटिक बनतात. निफाडकडे एखाद्या हिवाळ्यात पारा फारच उतरला की द्राक्षवेलीची कोवळी पाने सकाळी काचेसारखी दिसतात आणि ऊन चढताच भाजल्यासारखी काळी पडून गळतात, हे बागायतदारांनी पाहिलेले आहे. पानांतील पेशी फुटलेल्या असतात. वीर्य गोठविताना हे टाळण्यासाठी त्यात ग्लिसरीन मिसळतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ पोल्ज व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली ग्लिसरीनचा हा गुण दाखवून दिला, आणि आजचे सारे गोठीत रेतन त्या शोधावर उभे आहे. ग्लिसरीनमुळे पेशीत मोठे स्फटिक बनत नाहीत. शिवाय वीर्य ठरावीक गतीने थंड करतात आणि वापराच्या वेळी कांडी कोमट पाण्यात, साधारणतः ३७ अंशांत, अर्धा मिनिट बुडवून झटपट वितळवितात. ही घाई पशुधन पर्यवेक्षक उगाच करीत नाहीत. कांडी हळूहळू वितळू दिली, तर बर्फाचे बारीक कण एकमेकांस जुळून मोठे होतात आणि शुक्रपेशी फाडतात.

कर्करोगावर उपचार करणारा डॉक्टर ह्याच्या नेमके उलट वागतो. तो ग्लिसरीन देत नाही. गाठ शक्य तितक्या वेगाने गोठवितो, म्हणजे पेशीच्या आतच बर्फ बनतो. आणि नंतर ती आपोआप, सावकाश वितळू देतो, म्हणजे स्फटिक वाढून पेशी फोडतात. पूर्ण वितळल्यावर तो पुन्हा एकदा गोठवितो. पहिल्या वेळी दुबळ्या झालेल्या पेशी दुसऱ्या वेळी तग धरीत नाहीत. ह्याशिवाय त्या भागातील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात व रक्तपुरवठा तुटल्याने, वाचलेल्या पेशीही पुढील काही दिवसांत मरतात.

सर्व पेशी एकाच थंडीस मरत नाहीत, ही बाब महत्त्वाची. कातडीस रंग देणाऱ्या पेशी फार नाजूक. उणे ४ ते उणे ७ अंशांतच त्या दगावतात. कर्करोगाच्या पेशी मात्र निश्चयाने मारावयाच्या असतील तर गाठीच्या तळापर्यंत उणे ५० ते उणे ६० अंश गाठावे लागतात. उलट कातडीखालील तंतुमय जाळे व नाकाकानाची कूर्चा बऱ्याच अंशी टिकून राहते, म्हणून जखम भरल्यावर व्रण बहुधा सपाट व मऊ येतो. बर्फ चोळून ह्यातले काहीच साधत नाही, कारण बर्फ शून्य अंशाचा. मीठ मिसळले तरी तो उणे २१ अंशांपलीकडे जात नाही. इंग्लंडमध्ये जेम्स आर्नोट ह्या वैद्याने १८५० च्या सुमारास मीठबर्फाचे मिश्रण कर्करोगाच्या गाठींवर वापरले होते. त्याने वेदना शमल्या व गाठी काहीशा आक्रसल्या, परंतु रोग बरा झाला नाही. पुढे १८९५ साली हवा मोठ्या प्रमाणावर पातळ करण्याची रीत निघाली. १८९९ मध्ये न्यूयॉर्क येथील कॅम्पबेल व्हाइट यांनी द्रव हवेचा त्वचारोगांवर प्रयोग केला, १९५० मध्ये ॲलिंग्टन यांनी कापसाच्या बोळ्याने द्रव नत्र लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९६० नंतरच्या दशकात फवारणीची हातात मावणारी साधने तयार झाली. कापसाचा बोळा चामखिळीस पुरतो, कर्करोगास पुरत नाही. वरवरची कातडी पांढरी होते, पण तळाशी पुरेशी थंडी पोहोचत नाही.

हरळीचे उदाहरण येथे चपखल बसते. शेतातील हरळी वरून जाळली तर चार दिवस रान स्वच्छ दिसते. जमिनीखालच्या काशा मात्र शाबूत असतात आणि पहिल्या पावसाला त्या दुप्पट जोमाने फुटतात. अर्धवट गोठविलेला कर्करोग असाच वर नवी कातडी धरतो आणि खाली पसरत राहतो. तो जेव्हा पुन्हा दिसू लागतो तेव्हा त्याची कड सापडत नाही व साध्या उपचाराची वेळ निघून गेलेली असते. दवाखान्यातील पात्रातून काडीने नत्र घेऊन गाठीवर लावणे हे बिनखर्चाचे वाटले तरी त्यात धोका हाच आहे. आपणास हे विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे, कारण चूक झाल्याचे रुग्णास वर्ष-दोन वर्षे कळतच नाही.

कोणता कर्करोग गोठविता येतो

त्वचेच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे दोन प्रकार आहेत. रुग्णालयाच्या कागदावर त्यांची नावे बेसल सेल व स्क्वेमस सेल अशी लिहिलेली असतात.

बेसल सेल हा कर्करोग कातडीच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींसारख्या पेशींचा असतो. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूस, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी किंवा वरच्या ओठावर उगवतो. आरंभी तो मोत्यासारखी चमकदार कड असलेली लहान पुटकुळी असते. मध्ये खपली धरते, पडते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते. आपल्याकडील सावळ्या कातडीत तो पुष्कळदा काळसर असतो आणि लोक त्यास तीळ समजून वर्षानुवर्षे सोडून देतात. तो शरीरात दूरवर क्वचितच पसरतो, परंतु जागच्या जागी उंदराने कुरतडावे तसा नाक, पापणी, हाड कुरतडीत जातो. स्क्वेमस सेल कर्करोग वरच्या थरांतील पेशींचा. तो खरखरीत, जाड कडेचा, लवकर वाढणारा असतो आणि मानेत, काखेत किंवा जांघेत गाठी उत्पन्न करून पुढे पसरू शकतो. म्हणून तो अधिक धोक्याचा मानावा.

गोठवण उपचारास योग्य म्हणजे लहान, उथळ व स्पष्ट कडेचा बेसल सेल कर्करोग, तसेच स्क्वेमस सेल कर्करोगाची अगदी पहिली, वरच्याच थरात असलेली अवस्था. ह्या अवस्थेस बोवेनचा रोग म्हणतात व ती लालसर, खवले सुटणाऱ्या चट्ट्यासारखी दिसते. गजकर्ण समजून तिच्यावर महिनोन् महिने मलमे चोळली जातात. ज्या वृद्ध वा हृदयविकारी रुग्णास शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्याच्या बाबतीतही डॉक्टर ह्या उपचाराचा विचार करतात. शस्त्रक्रिया करणे शक्य असेल तेथे मात्र बहुतेक तज्ज्ञ शस्त्रक्रियेसच अग्रमान देतात. त्याचे कारण सरळ आहे. कापून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि त्याच्या कडेस रोग उरला की नाही हे समजते. गोठविलेली गाठ जागीच मरते, तपासणीस काही हाती येत नाही. अनुभवी हातांनी योग्य गाठी निवडून गोठविल्या असता ५ वर्षांनंतर शंभरांतील ९५ हून अधिक गाठी परत न उद्भवल्याचे काही रुग्णालयांचे प्रसिद्ध अनुभव आहेत. निवड व तंत्र जेथे इतके कसोशीचे नव्हते तेथे अपयश बरेच अधिक आले आहे.

मोठी किंवा खोल गाठ, एकदा उपचार होऊन परत आलेली गाठ, कड न समजणारी कठीण चकती, पापणीच्या काठावरची वा नाक व गाल यांच्या खोबणीतली गाठ, ह्यांना गोठवण उपचार देत नाहीत. काळ्या तिळासारखा दिसणारा मेलॅनोमा नावाचा जो फार घातक कर्करोग आहे, त्यासही नाही. तो आपल्या लोकांत तळपायावर वा नखाखाली विशेष आढळतो. दिसण्यात काळा बेसल सेल व मेलॅनोमा यांत भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून गोठविण्यापूर्वी गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणे, ज्यास बायोप्सी म्हणतात, अत्यावश्यक होय. तुकडा काढल्याने कर्करोग खवळतो अशी समजूत गावोगावी आहे. ती निराधार आहे आणि तिच्यापायी पुष्कळांनी वेळ दवडला आहे.

आपल्या भागातील रुग्ण

हा रोग गोऱ्या कातडीच्या लोकांत, विशेषतः कडक उन्हाच्या देशांत, फार आहे. ऑस्ट्रेलियात युरोपीय वंशाच्या शेतकऱ्यांच्या हातांवर व कानांवर उन्हाने होणारे खरखरीत चट्टे इतके सर्रास असतात की, तेथील गावचा साधा डॉक्टरही द्रव नत्राची फवारणी नित्य करतो. भारतीयांच्या कातडीतील रंग उन्हापासून पुष्कळ संरक्षण देतो, आणि आपल्याकडे सर्व कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण शेकडा एक-दोन इतकेच धरतात. परंतु ज्यांच्या कातडीस, केसांस व डोळ्यांस जन्मतःच रंग नसतो, अशा व्यक्तींना हे संरक्षण नसते. गावात असा मुलगा वा मुलगी असल्यास त्यास भर उन्हातील कामावर लावू नये; पूर्ण बाह्यांचे कपडे व रुंद काठाची टोपी द्यावी आणि वर्षातून निदान दोनदा त्याची कातडी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. अशा व्यक्तींत हा कर्करोग तरुणपणीच उद्भवतो.

आपल्याकडे ऊन हे एकमेव कारण नव्हे. सतत घासल्या वा भाजल्या जाणाऱ्या जागी स्क्वेमस सेल कर्करोग होतो. काश्मीरमध्ये हिवाळ्यात अंगरख्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, बाळगतात; तिच्या धगीने पोटावर व मांडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १८६६ सालीच झालेले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली आपल्या सहकाऱ्यासह धोतराच्या कर्करोगाची माहिती प्रसिद्ध केली. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी करकचून बसली की तेथील कातडी आधी काळवंडते, जाड होते, नंतर पांढुरकी पडते आणि क्वचित तिच्यात न भरणारी जखम होते. लुगडे वा परकराच्या बारीक नाडीनेही हेच घडते. नाडीऐवजी चार बोटे रुंद पट्टा शिवावा, गाठीची जागा अधूनमधून बदलावी. ह्यास काही खर्च नाही. जुन्या भाजल्याचे व्रण, कित्येक वर्षे वाहणारी पायाची जखम आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या तळव्याचे जुने क्षत, ह्यांतही कर्करोग उद्भवू शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. व्रणातून व जुन्या जखमेतून उठलेले हे कर्करोग बहुधा खोल गेलेले असतात व ते गोठवण उपचाराच्या आवाक्यात येत नाहीत. त्यांना शस्त्रक्रियाच हवी. म्हणजे ज्या रुग्णास द्रव नत्राचा खरोखर उपयोग होईल तो रुग्ण म्हणजे नाकाजवळ वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान पुटकुळी असलेला, अद्याप काहीच दुखत नसलेला शेतकरी. तो डॉक्टरकडे येत नाही. न दुखणारी गोष्ट शेतीच्या धबडग्यात मागे पडते, आणि मध्यंतरी कोणी तरी बिब्ब्याचे तेल, चुना व सोडा अथवा तेजाब लावण्याचा सल्ला देते. ह्या दाहक पदार्थांनी वरचा भाग जळून जातो, खोल भाजते, व्रण होतो, आणि गाठीची कड कायमची पुसली जाते. सहा महिन्यांपूर्वी जी गाठ वीस मिनिटांच्या उपचाराची होती, तिच्यासाठी आता नाकाची पाकळी काढून दुसरीकडची कातडी जोडावी लागते.

म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व आशाताईंनी घरभेटीत एवढेच विचारावे : महिना उलटूनही न भरलेली जखम, खपली पडून पुन्हा पुन्हा रक्त येणारी जागा, वाढत चाललेला तीळ किंवा जुन्या व्रणावर उठलेला मांसाचा अंकुर घरात कोणास आहे काय? असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठवावे. अशा सर्व जखमा कर्करोगाच्या नसतात, बहुतेक नसतातच. सरकारी आरोग्य योजनेतून खर्चाची सोय होते का, ह्याची चौकशी रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी करावी आणि जाताना शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावे.

उपचार कसा होतो

बायोप्सीचा निष्कर्ष आल्यावर रुग्णास बोलाविले जाते. थंडीने अंगावर गांधी उठतात किंवा बोटे पांढरी-निळी पडून दुखतात अशांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व मधुमेहींनी, ते आधीच डॉक्टरांस सांगावे. गाठीची कड शाईने आखतात व तिच्याभोवती साधारण तीन ते पाच मिलिमीटर निरोगी कातडीचेही वर्तुळ काढतात, कारण रोगाच्या मुळ्या दिसतात त्याहून पुढे गेलेल्या असू शकतात. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. मग हातातील साधनाच्या बारीक तोटीतून द्रव नत्राचा फवारा सुमारे एक सेंटिमीटर अंतरावरून सोडतात. मध्यापासून पांढरा बर्फाचा गोल पसरत जातो व आखलेल्या कडेपर्यंत पोहोचतो. तेथून पुढे सुमारे अर्धा मिनिट फवारा चालू ठेवतात. काही ठिकाणी गाठीच्या तळाशी सुईसारखे उष्णतामापक खोचून थंडी किती पोहोचली ते मोजतात. नंतर वितळण्याची वाट पाहतात, आणि पुन्हा तेच करतात. गोठताना जळजळते, वितळताना ठणकते; कपाळावर उपचार झाल्यास काही काळ डोके दुखते.

त्यानंतर काय होते हे रुग्णास व घरच्यांस अगोदरच सांगून ठेवणे फार आवश्यक आहे, नाही तर ती जागा पाहून ते घाबरतात व उपचार बिघडला असे समजतात. काही तासांत जागा लाल होऊन सुजते. डोळ्याजवळची गाठ असेल तर दुसऱ्या दिवशी डोळा मिटण्याइतकी सूज येते. पाण्याचा किंवा रक्ताळलेला फोड येतो, तो फुटतो, आणि पुढचे दोन आठवडे जखम पाझरत राहते. मग काळी, जाड खपली धरते. चेहऱ्यावरची जखम चार ते सहा आठवड्यांत भरते. गुडघ्याखालची जखम भरण्यास तीन महिनेही लागतात, कारण तेथे रक्तप्रवाह मंद असतो.

निगा साधीच आहे. दिवसातून एकदा-दोनदा स्वच्छ पाण्याने व साबणाने हलक्या हाताने धुवावे, टिपून कोरडे करावे, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन स्वच्छ गॉज बांधावा. खपली ओढून काढू नये. हळद, राख, शेण, चुना, तंबाखू, गाडीचे तेल यांतील काहीही लावू नये. खेड्यात माश्यांचा उपद्रव असतो व पाझरत्या जखमेवर माशी अंडी घालते. म्हणून जखम उघडी ठेवू नये आणि ती भरेतो गोठ्यातील शेणघाण काढण्याचे काम दुसऱ्याने करावे. धनुर्वाताची लस घेतलेली नसल्यास डॉक्टरांस विचारून घ्यावी. दुर्गंधीयुक्त पू, ताप, पसरत जाणारी लाली किंवा दाबूनही न थांबणारे रक्त दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

पांढरा डाग

जखम भरल्यावर त्या जागी पांढरट डाग राहतो व त्याच्या कडेस काळसर वलय दिसते. रंगाच्या पेशी थोड्या थंडीनेही मरतात हे वर सांगितलेच आहे. सावळ्या माणसाच्या चेहऱ्यावर हा डाग उठून दिसतो व पुष्कळदा कायम राहतो. त्या जागी केस पुन्हा येत नाहीत; मिशीत किंवा भुवईत उपचार करावयाचा असल्यास रुग्णाने हे लक्षात घेऊन संमती द्यावी. शिवाय कातडीतील मज्जातंतू गोठल्याने ती जागा काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ, बधिर असते.

आता फिकट आणि बधिर चट्टा म्हटला की गावात कुष्ठरोगाची शंका निघते, आणि घरोघर फिरणाऱ्या शोध पथकासही तीच शिकवण दिलेली असते. ह्या गैरसमजाने उपचार घेतलेल्या माणसास पाणवठ्यापासून सोयरिकीपर्यंत त्रास होऊ शकतो. यास्तव रुग्णाने उपचाराची तारीख व जागा लिहिलेला कागद जपून ठेवावा आणि पथकास दाखवावा. कार्यकर्त्यांनीही शेजाऱ्यांस सांगावे की हा डाग कुष्ठाचा नाही व कोडाचाही नाही, आणि कर्करोग स्पर्शाने कोणासही लागत नाही. (कुष्ठरोगदेखील आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा त्याच्या नावाने माणसास दूर लोटणे मुळातच अन्याय्य आहे.)

द्रव नत्राच्या पात्राबाबत दक्षता

गावातील पात्र हाताळणाऱ्यांसाठी चार शब्द. एक लिटर द्रव नत्राचा वायू सुमारे ७०० लिटर होतो. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या मोटारीत पात्र कलंडले, तर हा वायू प्राणवायूची जागा घेतो व माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. पात्राचे तोंड कधीही बूच मारून घट्ट बंद करू नये. दाबाने ते फुटते. पातळ कापडी मोजे घालून नत्र हाताळणे हे उघड्या हातापेक्षाही वाईट, कारण भिजलेले कापड कातडीस चिकटून राहते. सैल, जाड चामडी हातमोजे व डोळ्यांस चष्मा वापरावा. आणि कोणी चामखीळ वा गाठ घेऊन आले, तर पशुधन पर्यवेक्षकाने भिडेखातरही काडी बुडवू नये. आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा.

उपचारानंतरची तपासणी

जखम भरली म्हणजे रुग्ण बरा झाला असे धरून चालत नाही. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी ती जागा बोटांनी चाचपून पाहावयास हवी. व्रणाच्या कडेस नवी मोत्यासारखी पुटकुळी, नवे खवले वा रक्त दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ज्यास एकदा हा रोग झाला त्यास दुसऱ्या जागी नव्याने होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून तपासणी सर्व अंगाची करावी.

बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तारखांचा मेळ आधीच घालावा. गळीत हंगामासाठी ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. फडात उसाच्या पाचटाने ओली जखम चिरते आणि कोप्यांवर ती धुण्यास स्वच्छ पाणीही पुरेसे नसते. शक्य असेल तेथे बायोप्सी पावसाळ्यातच उरकून गोठवण उपचार भाद्रपदापूर्वी व्हावा, म्हणजे निघण्याच्या वेळी जखम भरलेली असेल. पहिल्या फेरतपासणीची तारीख हंगामात येत असल्यास कारखान्याजवळच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहून घ्यावी, आणि ती चिठ्ठी, बायोप्सीचा अहवाल व उपचाराचा कागद ही तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुटुंबाच्या पेटीत ठेवावीत.